मसुद्यातून गाळलेला परिच्छेद : मानसिक आरोग्यसेवा वापरणाऱ्यांनी एक आंतरराष्ट्रीय करार कसा घडवला

'संबंधित घटकांशी सल्लामसलत करण्यात आली' हे वाक्य बहुतेक प्रत्येक धोरणाच्या प्रस्तावनेत सापडते. ती सल्लामसलत खरी होती की नावापुरती, हे ओळखायला मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो : त्या लोकांच्या बोलण्यामुळे मसुद्यातली कोणती ओळ बदलली? ओळ दाखवता आली नाही, तर बैठक झाली एवढेच म्हणता येईल.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात अशी ओळ बोट ठेवून दाखवता येईल अशी प्रकरणे फार नाहीत. सेवा घेणाऱ्यांना बोलावतात, त्यांचा अनुभव ऐकतात, ऐकताना काहींचे डोळेही पाणावतात. मग लेखणी तज्ज्ञांच्या हाती जाते. या चालीला अपवाद ठरलेले एक मोठे प्रकरण इथे मांडत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मंजूर केला. त्याच्या मसुद्यावर मनोविकारसेवा घेतलेल्या, आणि त्यातल्या अनेकांच्या बाबतीत ती सक्तीने सोसलेल्या, माणसांनी प्रत्यक्ष काम केले. त्यातून काय साधले, काय निसटले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या अभ्यासाचा विषय आहे.

आधीची स्थिती

१७ डिसेंबर १९९१ रोजी आमसभेने ठराव ४६/११९ मंजूर केला. मनोविकार असलेल्या व्यक्तींचे संरक्षण आणि मानसिक आरोग्यसेवेत सुधारणा यांसाठीची २५ तत्त्वे त्यात होती. त्या काळाच्या मानाने हा दस्तऐवज पुढारलेला होता, हे मान्य करायला हवे. रुग्णाला समाजात राहून उपचार मिळावेत, त्याच्यावर कमीत कमी बंधने असावीत, त्याच्या माहितीची गुप्तता राखावी, अशा बऱ्याच चांगल्या गोष्टी त्यात आहेत. पण अकरावे तत्त्व उघडून पाहावे. ते संमतीविषयी आहे. रुग्णाला नीट माहिती देऊन त्याची संमती घेतल्याशिवाय कोणताही उपचार करू नये, असे पहिलेच वाक्य सांगते, आणि त्याच वाक्याच्या शेवटी जोड येते : परिच्छेद ६, ७, ८, १३ आणि १५ मध्ये सांगितलेले अपवाद वगळून. हक्क एका वाक्यात आणि अपवाद पाच परिच्छेदांत. ज्या रुग्णालयाला संमती न घेता काम उरकायचे आहे, त्याला ते पाच परिच्छेद पुरून उरतात.

ही तत्त्वे ज्यांच्यासाठी होती, त्यांचा ती लिहिण्यात फारसा हात नव्हता. योगायोग असा, की त्याच १९९१ साली मेक्सिकोत भरलेल्या मानसिक आरोग्याच्या एका जागतिक संमेलनात सेवा घेणाऱ्यांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९९७ मध्ये तिने 'वर्ल्ड नेटवर्क ऑफ यूजर्स अँड सर्व्हायव्हर्स ऑफ सायकियाट्री' हे नाव घेतले. पुढे तिला 'नेटवर्क' एवढेच म्हणतो. नावात दोन्ही प्रकारची माणसे आहेत : सेवा वापरणारी, आणि त्या सेवेतून कशीबशी तगून बाहेर पडलो असे म्हणणारी. १९९१ च्या तत्त्वांविषयी या संघटनेची भूमिका स्पष्ट होती. आमच्यावर होणाऱ्या सक्तीला ती कायदेशीर वाट करून देतात, म्हणून ती आम्हाला मान्य नाहीत.

करार सुरू झाला, पण यांची जागा कुठे?

२००१ मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष विसेन्ते फॉक्स यांनी आमसभेत अपंगांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कराराची मागणी केली. डिसेंबर २००१ मध्ये त्यासाठी तदर्थ समिती स्थापन झाली. तिची पहिली बैठक २००२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये झाली. एक्वाडोरचे लुईस गालेगोस तिचे पहिले अध्यक्ष होते. पुढे न्यूझीलंडचे डॉन मॅके यांनी ती सूत्रे घेतली आणि शेवटपर्यंत सांभाळली.

नेटवर्कपुढची पहिली अडचण घरातलीच होती. मनोविकारसेवा घेतलेले अनेक लोक स्वतःला अपंग मानत नाहीत, आणि त्यांना तसे म्हणवून घ्यायचेही नसते. अपंगांच्या करारात आपण कशाला शिरायचे, हा प्रश्न संघटनेच्या आत गंभीरपणे विचारला गेला. उत्तर व्यवहारी होते. मानसिक आरोग्याचा वेगळा करार व्हायचा असता, तर त्याच्या टेबलाभोवती डॉक्टर आणि आरोग्य खात्यांची माणसे बसली असती. अपंगांच्या करारात मात्र अंध, बहिरे, चालू न शकणारे लोक आधीच 'आमच्याविना आमच्याबद्दल काही नाही' असे ठणकावून सांगत होते. त्या आवाजात आपला आवाज मिसळणे शहाणपणाचे होते. 'मनोसामाजिक अपंगत्व', म्हणजे मानसिक त्रास आणि त्याकडे पाहण्याची समाजाची रीत यांतून येणारे अपंगत्व, ही संज्ञा या वाटाघाटींच्या काळात रुळली, त्यामागे ही निवड आहे.

दुसरी अडचण खोलीत शिरण्याची होती. संयुक्त राष्ट्रांच्या करारांचे मसुदे सरकारांचे प्रतिनिधी करतात. बिगरसरकारी मंडळी बाहेरच्या मार्गिकेत पत्रके वाटतात आणि शेवटी वेळ उरला तर दोन मिनिटे बोलतात. इथे २००३ च्या दुसऱ्या सत्रात वेगळा निर्णय झाला. पहिला मसुदा तयार करण्यासाठी ४० जणांचा कार्यगट नेमला गेला : सरकारांचे २७ प्रतिनिधी, बिगरसरकारी संघटनांचे १२ आणि राष्ट्रीय मानवी हक्क संस्थांचा एक. त्या १२ मध्ये नेटवर्कचा समावेश होता. जानेवारी २००४ मध्ये दोन आठवडे हा गट न्यूयॉर्कमध्ये बसला, आणि तिथे बोलण्याच्या बाबतीत संघटना आणि सरकारे एका पातळीवर होती. नेटवर्कच्या बाजूने अमेरिकी वकील टीना मिन्कोविट्झ होत्या. मनोविकारसेवेतल्या सक्तीचा स्वतः अनुभव घेतलेली आणि कायद्याची भाषा लिहू शकणारी ही व्यक्ती होती. हा संयोग महत्त्वाचा ठरला.

शब्द घेऊन आलेले लोक

सेवा घेणाऱ्यांना धोरणाच्या बैठकीत बोलावले की बहुधा त्यांच्याकडून कहाणी अपेक्षित असते. कोंडून ठेवले तेव्हा काय वाटले, औषधाने काय झाले, घरच्यांनी कसे वागवले. हे सांगणे सोपे नसते, आणि ते ऐकून माणसे हलतातही. पण कहाणीतून कलम काढण्याचे काम दुसरा कोणीतरी करतो. त्या वाटेत बरेच काही गळते. 'मला न विचारता इंजेक्शन दिले' या तक्रारीतून तज्ज्ञ जो निष्कर्ष काढतो तो साधारण असा असतो : इंजेक्शन देण्याआधी दोन डॉक्टरांची सही घ्यावी. तक्रार करणाऱ्याला ते अभिप्रेत असतेच असे नाही.

नेटवर्क आणि त्याच्या मित्रसंघटना कहाण्यांबरोबर पर्यायी वाक्ये घेऊन आल्या. सत्तरहून अधिक संघटनांनी मिळून 'इंटरनॅशनल डिसॅबिलिटी कॉकस' ही आघाडी केली होती. प्रत्येक कलमावर आघाडीची भूमिका आधी आतल्या आत ठरे आणि मग लेखी मजकूर म्हणून सरकारांच्या हातात पडे. हे शब्द काढा, हे घाला, कारण हे. छोट्या देशांच्या प्रतिनिधींकडे प्रत्येक कलमाचा अभ्यास करायला माणसे नसतात. तयार मजकूर मिळाला तर ते तो वाचतात, पटला तर स्वतःच्या नावाने मांडतात. आपल्याकडे विधानसभेत लक्षवेधी सूचना कशा तयार होतात हे ज्यांनी जवळून पाहिले असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही.

कलम १२ : सही कोणाची चालेल?

सगळ्यात लांबलेला वाद कायदेशीर क्षमतेवर झाला. माणसाला हक्क असणे एक आणि ते हक्क स्वतः वापरता येणे वेगळे. तान्ह्या मुलाच्या नावावर जमीन असू शकते, पण ते ती विकू शकत नाही. बहुतेक देशांत गंभीर मनोविकाराचे निदान झालेल्या प्रौढ माणसाला या दुसऱ्या बाबतीत मुलाच्या रांगेत बसवता येत होते, अनेक देशांत आजही येते. न्यायालय पालक नेमते. मग बँकेत त्या पालकाची सही चालते, घर विकायला त्याची, उपचाराला संमतीही त्याचीच. काही देशांत लग्न आणि मतदानाचा हक्कही याच वाटेने जातो.

जानेवारी २००४ च्या मसुद्यात आणि त्यानंतरच्या मसुद्यांत 'मदत' आणि 'प्रतिनिधी' यांची सरमिसळ होती. एका टप्प्यावर, अगदी शेवटचा उपाय म्हणून, व्यक्तीच्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमण्याची तरतूद त्यात होती. अनेक सरकारांना ती वाजवी तडजोड वाटत होती. आघाडीने ती मान्य केली नाही. त्यांचा युक्तिवाद असा : आधार किती लागेल हे प्रत्येकाचे वेगळे असेल, काहींना खूप लागेल, पण निर्णय ज्याचा त्याचाच राहिला पाहिजे. एकदा 'शेवटचा उपाय' म्हणून दुसऱ्याने निर्णय घेण्याची सोय ठेवली, की देशोदेशीचे कायदे पहिले उपाय करून पाहण्याच्या फंदात पडणार नाहीत.

हे नुसते तत्त्व म्हणून मांडले असते तर टिकले नसते. हाताशी काही चालती उदाहरणे होती. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पालकत्वाऐवजी विश्वासातल्या माणसांशी करार करून त्यांच्या आधाराने निर्णय घेण्याचा कायदा १९९६ मध्ये संमत झाला होता. स्वीडनमध्ये १९९५ च्या सुधारणांनंतर 'व्यक्तिगत ओम्बुड' ही सेवा सुरू झाली. गंभीर मनोविकार असलेल्या माणसासाठी हा ओम्बुड काम करतो, पण त्याच माणसाने सांगितलेले काम, आणि सांगितले तेवढेच. तो रुग्णालयाच्या हाताखाली नसतो. आधी ओळख, मग विश्वास, मग काम असा त्याचा क्रम, आणि त्याला कित्येक महिने लागू शकतात.

दुसरे कारण आघाडीच्या रचनेत होते. मनोसामाजिक अपंगत्व असलेल्यांचा प्रश्न त्यांनी एकट्यांचा राहू दिला नाही. अंध माणसाला खाते उघडताना बँक साक्षीदार आणायला सांगते, बहिऱ्या माणसाचा जबाब न्यायालयात नीट नोंदला जात नाही, बौद्धिक अपंगत्व असलेल्याच्या नावची मालमत्ता भावंडे परस्पर वाटून घेतात. क्षमतेचा प्रश्न सगळ्यांचा होता. म्हणून एकाचीच क्षमता काढून घेणारे वाक्य सगळ्यांनी मिळून रोखले. सरकारांनी या आघाडीत फूट पाडली असती, तर सगळ्यात आधी मनोविकाराचा गट बाहेर पडला असता, हे उघड आहे. हैदराबादच्या नालसार विद्यापीठातील कायद्याच्या प्राध्यापक अमिता धांडा या कलमावरच्या चर्चेत आघाडीच्या बाजूने सहभागी होत्या. भारतातल्या पुढच्या वादात त्यांचे नाव वारंवार येते.

अंतिम कलमात प्रतिनिधीची तरतूद राहिली नाही. अपंग व्यक्तींना जीवनाच्या सर्व क्षेत्रांत इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, ती वापरायला लागेल तो आधार राज्याने मिळवून द्यावा, आणि संरक्षक अटी व्यक्तीचे हक्क, इच्छा व पसंती यांचा मान राखणाऱ्या असाव्यात, असे ते म्हणते. मालमत्ता, वारसा, बँक कर्ज यांचाही त्यात नावाने उल्लेख आहे.

लढाई मात्र इथे संपली नाही. २५ ऑगस्ट २००६ रोजी आठव्या सत्राच्या अखेरीस मजकूर मान्य झाला, तेव्हा या कलमाला एक तळटीप चिकटली होती : अरबी, चिनी आणि रशियन भाषांत कायदेशीर क्षमता म्हणजे हक्क असण्याची क्षमता, कृती करण्याची नव्हे. म्हणजे जगाच्या मोठ्या भागापुरते हे कलम पोकळ. पाच वर्षांचे काम शेवटच्या रात्री तळटिपेत बुडण्याची ही तऱ्हा वाटाघाटींच्या दुनियेत नवी नाही. आघाडीने आणि काही सरकारांनीही तिला जाहीर विरोध केला. पुढचे तीन महिने हे काम पडद्याआड चालले. ५ डिसेंबर २००६ रोजी समिती पुन्हा बसली आणि तळटीप काढून टाकली गेली. आठ दिवसांनी आमसभेने करार मंजूर केला.

कलम १७ : नको असलेले संरक्षण

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही, कारण करारात तो दिसत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये अध्यक्ष मॅके यांनी जो मसुदा फिरवला, त्यात व्यक्तीच्या शारीरिक-मानसिक अखंडतेच्या कलमात सक्तीच्या उपचारांवर चार अटी होत्या. पर्यायांना चालना देऊन असे उपचार कमीत कमी करावेत. ते अपवादात्मक परिस्थितीतच, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने आणि योग्य संरक्षणासह व्हावेत. जिथे बंधने कमीत कमी असतील अशा ठिकाणी आणि व्यक्तीचे हित पूर्णपणे लक्षात घेऊन व्हावेत. ते त्या व्यक्तीसाठी योग्य असावेत, आणि त्यांचा खर्च तिच्यावर किंवा कुटुंबावर पडू नये.

आरोग्य खात्यातल्या कोणत्याही भल्या अधिकाऱ्याला हा परिच्छेद दाखवा. तो म्हणेल, एवढे अमलात आले तरी जगातली निम्मी मनोरुग्णालये बदलतील. त्याचे म्हणणे चुकीचेही नाही. मग ज्यांच्या संरक्षणासाठी तो लिहिला होता, त्यांनीच तो काढून टाका असे का म्हणावे?

कारण त्यांनी १९९१ पाहिले होते. दाराला कडी लावायची तर आधी दार बसवावे लागते. सक्तीच्या उपचारावर अटी घालणारे वाक्य आधी सक्तीचा उपचार ही एक मान्य गोष्ट आहे असे गृहीत धरते, आणि तेही मानवी हक्कांच्या करारात, फक्त अपंग व्यक्तींपुरते. इतर कोणत्याही नागरिकाच्या बाबतीत 'सक्तीचा उपचार कमीत कमी करावा' असे कोणी लिहीत नाही. संमती नसेल तर उपचार नाही, एवढेच लिहितात. 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणजे काय, हे शेवटी रात्रपाळीवरचा माणूस ठरवतो, हा त्यांचा अनुभव होता.

त्यांना हवी होती ती पूर्ण बंदी. तेवढे मत सरकारांमध्ये नव्हते. २००४ च्या कार्यगटाच्या मसुद्यात सक्तीच्या हस्तक्षेपांपासून आणि संस्थेत सक्तीने ठेवण्यापासून संरक्षण देणारी ओळ आली होती, पण तिच्याखाली मतभेदाची नोंदही होती. बंदी मिळत नाही आणि अटी नकोत, अशा कोंडीत आघाडीने तिसरा मार्ग घेतला : सक्तीच्या उपचाराला परवानगी देणारा एकही शब्द करारात नको. अखेर कलम १७ एका वाक्याचे उरले. प्रत्येक अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपल्या शारीरिक आणि मानसिक अखंडतेचा आदर होण्याचा हक्क आहे. बस्स.

धोरणाच्या कामात वावरणारी माणसे हातात येईल तेवढे घ्यायला शिकलेली असतात. चार अटी मिळत असताना त्या नाकारणे त्यांना हट्टीपणा वाटेल. मला यात हिशेब दिसतो. ती वाक्ये प्रत्यक्षात कशी वापरली जातील याचा अंदाज खोलीतल्या सगळ्यांपेक्षा याच लोकांना अधिक होता. सेवा घेणाऱ्यांना टेबलावर बसवण्याचा खरा फायदा इथे कळतो. चांगली दिसणारी तरतूद कुठे दगा देईल, हे ते वाचता वाचता सांगू शकतात.

कलम १४ वर असाच, पण छोटा, झगडा झाला. अपंगत्व आहे म्हणून कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असे ते कलम सांगते. काही सरकारांना त्यात 'केवळ' हा शब्द हवा होता : केवळ अपंगत्वाच्या कारणावरून नाही. तो शब्द आला असता तर अपंगत्व अधिक धोका, अपंगत्व अधिक उपचाराची गरज, अशा जोड्या लावून कोंडून ठेवणे चालू राहिले असते. शब्द आला नाही.

किंमत

गाळलेल्या परिच्छेदाची एक अडचण असते. त्याच्या जागी प्रत्येकाला आपापला अर्थ वाचता येतो. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये करार स्वीकारतानाच जाहीर केले, की शेवटचा उपाय म्हणून आणि संरक्षक अटींसह सक्तीचे उपचार या करारात बसतात असे आम्ही समजतो. कॅनडाने २०१० मध्ये कलम १२ वर हरकत राखून ठेवली. उलट बाजूने, कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या समितीने एप्रिल २०१४ मध्ये पहिली सर्वसाधारण टिप्पणी (कराराच्या कलमाचा अर्थ सांगणारा दस्तऐवज) काढून सांगितले, की दुसऱ्याने निर्णय घेण्याच्या सर्व पद्धती मोडीत काढून त्या जागी आधाराच्या पद्धती आणायला हव्यात. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क समितीने मात्र आपल्या टिप्पणीत, शेवटचा उपाय म्हणून आणि काटेकोर अटींवर सक्तीने दाखल करणे चालू शकते अशी भूमिका घेतली. एकाच छताखालच्या दोन समित्या, एकाच वर्षी, दोन दिशांना.

२०१५ मध्ये 'द लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात काही मानसिक आरोग्य तज्ज्ञांनी २०१४ च्या टिप्पणीवर कडक टीका केली. सक्तीला पूर्ण मज्जाव केला, तर तीव्र आजारात ज्याला काही समजत नाही त्याचा उपचाराचा, प्रसंगी जगण्याचाही, हक्क जातो, असा त्यांचा मुद्दा होता. तो हलक्यात काढण्यासारखा नाही. आजाराच्या भरात नको म्हटले, पण मला दाखल केले ते बरे झाले, असे नंतर सांगणारे सेवा घेणारे लोक आहेत. न्यूयॉर्कच्या खोलीत त्यांचा आवाज जवळजवळ नव्हता. वर्षानुवर्षे संस्थेतच असलेले लोकही तिथे पोचू शकत नव्हते, आणि घरी रात्री जागून काढणारे नातेवाईक फारसे नव्हते. बौद्धिक अपंगत्वाच्या बाजूने 'इन्क्लूजन इंटरनॅशनल'मधून कुटुंबे आली होती, मनोविकाराच्या बाजूने तसे झाले नाही.

हा आक्षेप खरा आहे, पण तो घेताना थोडा प्रामाणिकपणा हवा. १९९१ मध्ये सेवा घेणारे बाहेर होते, तेव्हा ती तत्त्वे प्रातिनिधिक नाहीत म्हणून बाजूला ठेवावीत असे किती तज्ज्ञ म्हणाले? प्रतिनिधित्वाची चाचणी बहुधा नव्याने आलेल्यालाच द्यावी लागते. जुन्या बसलेल्याला कोणी विचारत नाही, की तुम्ही कोणाच्या वतीने?

दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर निष्कर्ष जरा अवघड होतो. नेटवर्कच्या लोकांनी मसुदा खरोखर बदलला. पण ज्यांना तो अमलात आणायचा होता त्यांचे मन बदलायला तेवढा अवधी मिळाला नाही. करारात १९० हून अधिक पक्ष आहेत. सक्तीचे उपचार मात्र त्यातल्या बहुतेक देशांच्या कायद्यात अजून आहेत. अपवाद क्षमतेच्या बाजूने दिसतात, तेही लॅटिन अमेरिकेत. कोस्टा रिकाने २०१६ मध्ये, पेरूने २०१८ मध्ये आणि कोलंबियाने २०१९ मध्ये कायदा करून अपंग प्रौढांची कायदेशीर क्षमता मान्य केली आणि जुन्या पालकत्वाच्या जागी आधाराची व्यवस्था आणली.

भारतात ते चार मुद्दे परत आले

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी कराराला मान्यता दिली, आणि त्यामुळे १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा बदलणे भाग पडले. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आपल्या उद्देशिकेतच या कराराचा हवाला देतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवणारा आगाऊ निर्देश (कलम ५), उपचारांच्या निर्णयांत साथ देण्यासाठी स्वतः निवडलेला नामनिर्देशित प्रतिनिधी (कलम १४), साखळदंडाने बांधायला आणि भूल न देता विजेचे झटके द्यायला मनाई (कलम ९५) या त्यातल्या ठळक जमेच्या बाजू.

आता कलम ८९ वाचा. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. अटी अशा, की स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची अलीकडची लक्षणे असावीत किंवा स्वतःची काळजी घेता येत नसावी, आणि दाखल करणे हा उपलब्ध पर्यायांतला कमीत कमी बंधनांचा मार्ग असावा. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, इतरांच्या बाबतीत सात दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे. कायद्याची भाषा काळजीपूर्वक आहे, १९८७ पेक्षा कितीतरी बरी आहे. पण अपवादात्मक, कमीत कमी बंधने, कायद्याची पद्धत, संरक्षण हा नेमका तोच आराखडा आहे, जो २००६ मध्ये कलम १७ मधून गाळायला लावला होता. आंतरराष्ट्रीय मसुद्यातून काढलेला परिच्छेद राष्ट्रीय कायद्यातून परत आला. म्हणूनच देशातल्या मनोसामाजिक अपंगांच्या संघटनांपैकी काहींनी या कायद्याला विरोध केला, तर काहींनी हातात आलेले हक्क वापरू या म्हणून त्याचे स्वागत केले. दोघेही कराराचाच आधार घेत होते.

सहभागाच्या जागांचेही असेच झाले. करारातले कलम ४(३) म्हणते, की अपंगांशी संबंधित कायदे आणि धोरणे करताना त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी जवळून सल्लामसलत करावी आणि त्यांना सक्रियपणे सामील करून घ्यावे. २०१८ मध्ये देखरेख समितीने सातव्या टिप्पणीत त्याचा अर्थ उलगडला, आणि एक फरक ठळकपणे नोंदवला : अपंगांच्या स्वतःच्या संघटना वेगळ्या आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संघटना वेगळ्या. पहिल्यांच्या मताला प्राधान्य हवे. भारताच्या कायद्यात केंद्रीय आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणांवर मनोविकार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, काळजीवाहू व्यक्तींचे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन अशा वेगवेगळ्या जागा आहेत. हे चांगले आहे.

जिल्ह्याच्या पातळीवरच्या पुनर्विलोकन मंडळात मात्र चित्र बदलते. कोणाला दाखल ठेवावे, कोणाची तक्रार ऐकावी, हे ठरवणारे हे मंडळ सेवा घेणाऱ्याच्या रोजच्या आयुष्याला सगळ्यात जवळचे. कलम ७४ प्रमाणे त्यात जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि आणखी दोन सदस्य असतात. हे दोन जण मनोविकार असलेल्या व्यक्ती, किंवा काळजीवाहू, किंवा त्यांच्या संघटनांचे अथवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी असू शकतात. इतक्या पर्यायांमुळे सेवा घेतलेली एकही व्यक्ती नसलेले मंडळ कायद्याने पूर्ण भरलेले ठरते. न्यूयॉर्कमध्ये असा मजकूर समोर आला असता, तर आघाडीच्या माणसांनी त्यावर पहिली खूण नक्की इथे केली असती.

ही तरतूद बदलायला संसदेची दुरुस्ती लागेल, पण नेमणुकांना ती लागत नाही. दोन्ही जागा सेवा घेतलेल्यांना द्यायच्या, त्यांना कागदपत्रे बैठकीच्या आधी आणि समजेल अशा भाषेत पोचवायची, प्रवास आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च द्यायचा, मतभेद इतिवृत्तात नोंदवायचा. २००४ च्या कार्यगटातल्या लोकांनाही यापेक्षा फार वेगळे काही मिळाले नव्हते. राज्यांनी नेमणुकीची यादी प्रसिद्ध केली की शेवटची दोन नावे कोणत्या नात्याने आली आहेत, एवढे विचारता येते, आणि माहितीच्या अधिकारात त्याचे उत्तर मागता येते.